पायाळू बायकोचा नवरा

राणोजीरावाला मी तोंडावर अहोजाहो करत असे, कारण तो आमचा घरमालक होता. लिहिताना करणार नाही. आणि खरं सांगायचं तर तो घरमालकही नव्हता. वेस्ट मांबलममधलं ते दुमजली घर राजसबाईंच्या वडिलांनी राजसबाईंच्या नावावर करून दिलेलं होतं. जावई काय लायकीचा आहे हे त्या गृहस्थांनी पहिल्याच दिवाळीला ओळखलं असावं. राणोजीराव तिथे नुसता राहत होता, जेवत होता, आणि दारावर स्वतःच्या नावाची पितळी पाटी लावून दर शुक्रवारी ती बायकोकडून घासून घेत होता.

शहात्तर साली माझ्या नवऱ्याची मद्रासला बदली झाली आणि आम्ही साताऱ्याहून येऊन त्यांच्या माडीवर भाड्यानं राहू लागलो. पहिल्याच दिवशी माझं बोलणं ऐकून राणोजीरावानं नाक मुरडलं.

"तुमची मराठी बाटलेली, सईबाई," तो म्हणाला. "आमी तंजावरचे. आमचे पूर्वज राजांबरोबर आलेले. आमी जपून ठेविली आहे भाषा."

एवढं बोलून तो आत वळला आणि कॉफी आणायला बायकोवर तमिळमध्ये खेकसला.

हा माणूस एग्मोरच्या एका सरकारी कचेरीत कारकून होता. रोज सकाळी मांबलम स्टेशनातून गाडी पकडायची, दिवसभर फायलींवर कोपरं टेकवून बसायचं आणि संध्याकाळी घरी येऊन आपण कोण होतो याचं पुराण लावायचं. आपण कोण आहोत हे मात्र त्याला कोणी विचारलं नाही, आणि त्यानंही कधी तो विषय काढला नाही. घरात तो स्वतःचं ताट कधी उचलत नसे. पंख्याचं बटण हाताशी असलं तरी राजसबाईंना स्वयंपाकघरातून बोलावून दाबायला लावी.

त्याच्या पुराणातला मुख्य अध्याय असा. इंग्रजांनी तंजावरचं राज्य खालसा केलं, तेव्हा याचा खापरपणजा जनकोजी जामदारखान्यातला मोहरांचा हंडा घेऊन मद्रासकडे निघाला. कशाला, तर लाटसाहेबापुढे राजाची बाजू मांडायला. म्हणजे चोरी करून पळाला, असं मी एकदा सरळ म्हटलं, तर राणोजीराव महिनाभर माझ्याकडे पाठ करून ओसरीवर बसला. वाटेत जनकोजीला पटकी झाली. एका खेड्यातल्या चर्चच्या पादऱ्यानं त्याला आसरा दिला, तिथेच तो मेला, आणि मरण्याआधी त्यानं हंडा त्या चर्चच्या आसपास कुठेतरी पुरला. मरणाऱ्यानं एकट्यानं पुरलेला हंडा मग तंजावरला कोणाला कळला, हे विचारायची सोय नव्हती. मी विचारलं होतं. उत्तर म्हणून त्यानं मिशीवरून हात फिरवला.

खेडं पेरुंगुडीच्या पलीकडे आहे. नाव सांगत नाही, नाहीतर आणखी एखादा शहाणा फावडं घेऊन जायचा. तेव्हा तिकडे भातखाचरं होती, ताडाची झाडं होती, आणि मधोमध ते जुनं चर्च. पोर्तुगीजांच्या वेळचं म्हणत. पिढ्यान् पिढ्या चुन्याचे हात बसून बसून त्याचे कोपरे गोल झाले होते. आत कायम गार असे आणि वटवाघळांचा वास येई. मला ते चर्च आवडत असे. राणोजीरावाला त्याच्या भिंती दिसतच नसत, त्याला फक्त त्यांच्या बुडाखालची माती दिसे.

आता राजसबाई यात कुठे आल्या, तर त्या पायाळू होत्या. जन्मताना त्यांचे आधी पाय बाहेर आले होते. पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घातलं की त्याला जमिनीखालचं धन दिसतं, ही समजूत आमच्या साताऱ्याकडेही आहे. पण आमच्याकडे ती गप्पांत असते. या लोकांनी ती तंजावरला नेली, तिथे तिला खतपाणी घातलं, आणि राणोजीरावाच्या आईनं तर तिच्या आधारावर सून शोधली. इतर लोक पत्रिका बघतात, या बाईनं सुइणी गाठल्या. कुठल्या घरात उलटी मुलगी जन्मली होती याचा तपास करत करत ती राजसबाईंच्या माहेरी पोचली. मुलगी दिसायला कशी, स्वयंपाक येतो का, काही नाही. पाय आधी आले होते ना, एवढंच विचारलं. पुढे राजसबाईंना मूल झालं नाही हे एका परीनं बरंच झालं, नाहीतर त्यालाही उलटंच जन्माला घाल असा हट्ट या माणसानं धरला असता.

लग्न झाल्यापासून दर अमावास्येला आणि सुटी सापडली तर मध्येही, तो राजसबाईंच्या डोळ्यांत अंजन घालून त्यांना बसनं त्या चर्चपाशी नेई. भर उन्हात चर्चभोवती फिरवी. अंजनानं डोळे चुरचुरत, पाणी वाहे, आणि हा मागून छत्री घेऊन. छत्री स्वतःच्या डोक्यावर.

"काय दिसतं गे?"

"मज कांही दिसत नाहीं."

मग तो आठवडाभर बायकोशी बोलत नसे. तो आठवडा त्यांचा सुखाचा जाई.

पायाळूपणाचा एक उपयोग मात्र खरा होता. पाठीत उसण भरली की पायाळू माणसाची लाथ बसावी लागते, हीही आपली जुनी समजूत. आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात ट्रंक ओढताना माझी पाठ धरली आणि मी जिन्यातच वाकडी झाले. राजसबाई वर आल्या. एवढीशी बाई, जाड भिंगांचा चष्मा, आवाज जेमतेम ऐकू येईल असा. पदर खोचून म्हणाल्या, "पाय लागतो मणून मनांत धरूं नका हं, सईबाई." आणि माझ्या कमरेत अशी लाथ घातली की मी भिंतीवर जाऊन आपटले. उठले ती सरळ. त्या दिवसापासून आमची मैत्री. पुढे गल्लीतल्या तमिळ बायकाही पाठ धरून येऊ लागल्या. राणोजीरावाला कळलं तेव्हा त्यानं घर डोक्यावर घेतलं. लाथा मारून मारून दृष्टीची शक्ती झिजते, असं त्याचं शास्त्र. मग बायका तो कचेरीत गेल्यावर येऊ लागल्या. त्याची स्वतःचीही पाठ अधूनमधून धरे, पण बायकोचा पाय लागला तर सात पिढ्या नरकात जातात म्हणून तो कण्हत पडून राही. राजसबाई तेल चोळत. तेल चोळताना त्यांचा चेहरा मी पाहिला आहे. त्यावर काहीही नसे.

चौऱ्याऐंशी साली त्या चर्चला लागून असलेलं शेत विकायला निघालं. चंद्रमौळी नावाचा एक जमिनीचा दलाल, सफारी सूट घालून, राणोजीरावाच्या ओसरीवर येऊन बसू लागला. चार दिवसांत यांचं ठरलंसुद्धा. मांबलमचं घर विकायचं, ते अख्खं शेत घ्यायचं आणि निवांत खणत बसायचं.

"आणि राहणार कुठे?" मी विचारलं.

"तंबूंत. आमचे पूर्वज तंबूंतच राहत."

पूर्वजांच्या तंबूत भांडी कोण घाशी, हे मी विचारलं नाही. उत्तर समोर उभं होतं, कॉफीचे पेले उचलत.

त्या दुपारी राजसबाई वर आल्या आणि पहिल्यांदाच माझ्यासमोर रडल्या. "हें घर बापानं मज दिल्लं. येवढं येकच माझं मणून आहे. हें गेलं तर मी कोठें जाऊं?"

मी म्हटलं, सही करू नका. घर तुमचं आहे, तो काय करेल? त्यांनी मान हलवली. सही केली नाही तर तो देवघरासमोर उपाशी बसणार होता, तसं त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं. नवरा देवापुढे उपाशी बसला तर या बाईच्या घशाखाली घास उतरला नसता. मला इतका संताप आला की काय सांगू. त्याचा तर आलाच, त्यांचाही आला. आयुष्यात एकच 'नाही' त्या शिकल्या होत्या, ते दिसण्याबद्दलचं. आणि ते या वेळी कामाचं नव्हतं, कारण राणोजीरावानं जाहीर केलं होतं की दिसो वा न दिसो, शेत घ्यायचंच. सोमवारी कागद करायचे होते. रविवारी एकदा शेवटचं अंजन घालायचं, दिसलं तर कुठून खणायचं ते कळेल, एवढंच.

त्या रविवारी मी मुद्दाम बरोबर गेले. राणोजीराव आणि चंद्रमौळी शेतात पावलं टाकत फिरत होते. राजसबाईंना ऊन लागू लागलं म्हणून मी त्यांना चर्चमध्ये नेऊन बसवलं. रविवारची प्रार्थना, मिस्सा, संपून लोक गेले होते. समोर वेदी, तिच्यापुढे फरसबंदी झिजून चकचकीत झालेली. राजसबाई चष्मा हातात घेऊन, पाणावल्या डोळ्यांनी त्या फरशीकडे बराच वेळ बघत बसल्या. मग चष्मा चढवला, उठल्या आणि बाहेर गेल्या. मी मागोमाग.

"दिसलं," त्या म्हणाल्या.

राणोजीरावाच्या हातातली छत्री पडली.

"कोठें?"

"शेतांत नाहीं. आंत. पादर उभा ऱ्हातो तेथें, वेदीच्या पुढें, फरशीखालीं. हंडा आहे. तोंडाला तांबडं फडकं. वरतीं नाग बसला आहे."

त्यानं एका शब्दानंही शंका काढली नाही. जी बाई जन्मभर 'दिसत नाही' म्हणत आली, तिचं पहिलं 'दिसलं' खोटं असेल हे त्याच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. तेवढं डोकं असतं तर तो तिथे उभाच नसता.

"नागानं सांगटलं," राजसबाई पुढे म्हणाल्या. माझा दंड त्यांनी घट्ट धरला होता. "ज्याचं राहतं घर साबूत, त्यासच मिळेल. घर मोडलं तर अस्कं धन कोळसा होईल."

धनाचे कोळसे होतात हे तर आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. राणोजीरावाचा चेहरा पांढरा पडला. चंद्रमौळीला त्यानं तिथूनच वाटेला लावलं.

परतताना बसमध्ये मी हळूच विचारलं, "खरंच काही दिसलं?"

"मज तर चष्म्याबगर जिनाही धड दिसत नाहीं," राजसबाई म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

यानंतरची काही वर्षं म्हणजे राणोजीरावाच्या आयुष्यातला सगळ्यात हास्यास्पद काळ, आणि त्याच्या बाबतीत ही निवड सोपी नाही. हंडा वेदीपुढे, तर वेदीपर्यंत पोचायला हवं. म्हणून हा माणूस, ज्याच्या घरी पाहुण्या ख्रिस्ती माणसाचा पेला वेगळा ठेवत, दर रविवारी पहाटे उठून, तुळजाभवानीच्या तसबिरीपुढे नाक घासून माफी मागून, चर्चला जाऊ लागला. पहिल्या बाकावर बसे. सगळे गुडघे टेकत तेव्हा टेके. तमिळ प्रार्थना त्यानं पाठ केल्या आणि इतक्या मोठ्यानं म्हणू लागला की मागची म्हातारी माणसं याचं बघून म्हणत. फादर सवरिमुत्तू भला माणूस होता, त्याला वाटलं या गृहस्थाला खरोखर हाक आली आहे. तो बाप्तिस्म्याचं विचारी, आणि हा डोळे मिटून "अजून मन तयार नाहीं, फादर" म्हणे. फादरच्या मनात त्याच्याबद्दल आदर आणखी वाढे.

मग त्यानं सेवा मागून घेतली. वेदीपुढची फरशी पुसायची. घरी ताट न उचलणारा राणोजीराव तिथे पंचा नेसून, बादली घेऊन, गुडघ्यांवर रांगत फरशी पुशी आणि पुसता पुसता प्रत्येक फरशीवर बोटाच्या पेरानं टकटक करून कान लावी. मी एकदा दाराआडून पाहिलं आहे. बायाबापड्या त्याच्याकडे हात जोडून बघत होत्या. इकडे राजसबाईंना रविवार मोकळा मिळू लागला. आम्ही दोघी सकाळी बाजारात जायचो, येताना इडली खायचो, आणि त्यांच्या हसण्याला आवाज आहे हे मला तेव्हा कळलं.

एक्क्याण्णव साली चर्चचा कसलातरी मोठा वर्धापनदिन आला. जुनी फरशी खचली होती म्हणून वेदीपुढची सगळी जमीन उकरून नवी फरशी घालायचं फादरनं ठरवलं. राणोजीराव त्या दिवशी घरी आला तो पायात चपला घालायच्या विसरून. उकरायच्या दिवशी त्यानं रजा काढली, आम्हा दोघींना बरोबर घेतलं, आणि बसमध्ये माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "आज बघा, सईबाई, तंजावर कायी आहे तें." तोंडाला सुपारीचा वास होता. मी खिडकी उघडली.

चर्चमध्ये गवंडी होते, फादर होता, गावातली दहाबारा माणसं होती. राणोजीरावानं शर्ट काढून स्वतः पहार हातात घेतली. फादरला भरून आलं. वरची फरशी निघाली, चुना निघाला, विटांचा थर निघाला. राजसबाई माझ्याशेजारी बाकावर मांडीत हात घेऊन बसल्या होत्या. त्यांना काय वाटत होतं मला माहीत आहे, कारण मला तेच वाटत होतं. आता खाली माती निघणार, हा सरळ उभा राहणार, आणि सगळं घर पुन्हा पणाला लागणार.

माती निघाली नाही. विटांखाली काळं काहीतरी होतं. राणोजीरावानं हातानं उकरलं. कोळसा. भुगा नव्हे, चांगले मूठ मूठ कोळसे, वेदीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरलेले.

"ओल वर येऊ नये म्हणून जुन्या लोकांची रीत," फादर आम्हाला समजावून सांगू लागला. "फरशीखाली कोळसा पसरायचे."

त्याचं ऐकलं कोणी? राणोजीराव दोन्ही मुठींत कोळसे धरून बायकोकडे वळला. त्याचं तोंड उघडंच होतं.

"मी विकलं नाहीं गे!" तो किंचाळला. "देवीची आण, घर विकलं नाहीं! नुसते कागद दिल्ले चंद्रमौळीस. तें शेत अजून पडून आहे, तें घेतो, शेतांतून खालून भुयार काढतो मणून. गेल्या महिन्यांत नुसते कागद दिल्ले!"

देवळात बोलल्यावर घुमतं तसं ते चर्चभर घुमलं. राजसबाई उठून उभ्या राहिल्या. मी पण. त्यांच्या ट्रंकेच्या तळाशी, लग्नाच्या शालूखाली ठेवलेले घराचे कागद या माणसानं चोरून नेले होते. बायको एवढं सांगत असताना, नाग सांगत असताना, स्वतःच्याच मूर्खपणाच्या नियमानं सुद्धा त्याला नीट वागता आलं नव्हतं.

आणि मग तो खाली वाकला, आणखी कोळसे उचलायला, आणि वाकला तसाच राहिला.

"अय्यो! उसण! उसण भरली!"

गवंडी धावले. हात लावला की तो बोंब मारी. वर येईना, खाली बसेना. वेदीपुढे, कोळशाच्या खड्ड्यात, बूड वर करून उभा. फादर डॉक्टर डॉक्टर करू लागला.

"डाक्टर नको!" राणोजीराव सात पिढ्यांचा नरक विसरून खालूनच ओरडला. "राजस! लाथ मार गे! लाथ मार!"

फादरनं कपाळावर, छातीवर क्रूस केला. त्याला वाटलं, या सज्जन माणसाला भ्रम झाला.

राजसबाई सावकाश चालत खड्ड्याच्या काठावर गेल्या. लाथ मारली नाही. हाताची घडी घालून उभ्या राहिल्या.

"कागद कोठें आहेत?"

"चंद्रमौळीकडे. आधीं लाथ मार!"

"परत कोण आणील?"

"मी! मी आणतों! उद्यांच!"

"पादरासमोर सांगा. कुळदेवीचं नांव घेऊन. घर माझं, त्यास परत हात लावणार नाहीं मणून."

पोर्तुगीजांच्या त्या चर्चमध्ये, क्रूसाखाली, पाठ वाकलेल्या राणोजीरावानं तुळजाभवानीची शपथ घेतली, आधी मराठीत, आणि फादरला कळलं नाही म्हणून राजसबाईंनी घ्यायला लावली तेव्हा पुन्हा तमिळमध्ये. गवंड्यांनी पहारी खाली ठेवल्या होत्या. फादर साक्षीदार म्हणून गंभीरपणे मान हलवत होता.

मग राजसबाईंनी चष्मा काढून माझ्या हातात दिला, पदर खोचला, आणि लाथ घातली. त्या हाडकुळ्या बाईत इतकं बळ असेल असं तिथे मी सोडून कोणालाच वाटलं नव्हतं. राणोजीराव कोळशांत तोंडावर आडवा झाला. क्षणभर हलला नाही. मग हात टेकून उठला, कंबर चाचपली, आणि सरळ उभा राहिला. अगदी सरळ. तोंड काळं, मिशी काळी. आणि त्या तोंडावर हळूहळू हसू पसरलं.

"पाह्यलंत, सईबाई?" तो मला म्हणाला. "उसण गेली. पायाळूचं खरं असतें. मणजे हंडाही खराच होता!"

उसणीला एकच लाथ लागते. राजसबाईंचा पदर अजून खोचलेलाच होता. त्या पुढे झाल्या आणि त्यांनी दुसरी मारली.